यंत्रवर्णन आणि ड्रायव्हर

एआरएम प्रोसेसरवर आधारलेल्या बोर्डांचे वर्णन पूर्वी लिनक्स कर्नेलमध्ये सी भाषेतच लिहिले जाई. बोर्ड वाढत, तशी पुनरुक्तीही वाढे. 2011 मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी याविषयी उघड नाराजी दर्शविली आणि तेथे डिव्हाइस ट्री रूढ होऊ लागला. ही कल्पना मुळात ओपन फर्मवेअरची. तिचे मानक 1994 चे. यात हार्डवेअरचे वर्णन निराळ्या फाइलीत असते व बूटलोडर ते कर्नेलच्या हाती देतो.

भाषाभ्यासकास त्यातील ‘कंपॅटिबल’ हा गुणधर्म विशेष उद्बोधक वाटेल. त्यात नावांची माळ असते: प्रथम विशिष्ट यंत्राचे नाव, मागाहून अधिक सामान्य. ड्रायव्हरच्या सूचीतील नाव तिच्यातील एखाद्याशी जुळले, की कर्नेल त्याला पाचारण करते. विशिष्ट नाव कोणासही ठाऊक नसले, तर सामान्य नावावर निभावते.

वर्णनातील अंक 32 बिटांच्या घरांत, वरिष्ठ बाइट आधी, असे मांडलेले असतात. म्हणून ते स्वतः न उलगडता कर्नेलच्या सिद्ध फलनांकडूनच वाचून घ्यावेत, एवढे सांगणे पुरे.

खरी अडचण काळाची आहे. कर्नेल बदलते, बोर्डासोबत दिलेले वर्णन मात्र पुष्कळदा वर्षानुवर्षे तसेच राहते. नव्या ड्रायव्हरने एखादा नवा गुणधर्म अनिवार्य मानला, तर कालपर्यंत चालणारे साधन आज मुके होते. अशा वेळी गुणधर्माच्या अभावी पूर्वीचेच वर्तन गृहीत धरावे. अर्थच बदलावयाचा असेल, तर नवे नाव घडवावे. जुन्या नावाचा अर्थ फिरवू नये.