दूध उकळले, पण पेंडीचे काय?

विज्ञानाच्या तासाला आठवीची मुले दुधातील भेसळ तपासत होती. परीक्षानळीत दूध, वरून आयोडीनचे दोन थेंब. निळे झाले तर पिष्ट मिसळलेले. निळे झाले नाही, मुले खूश. तेवढ्यात जोगेश्वरीच्या एका तबेल्याशेजारी राहणारी मुलगी उठली. "टीचर, आमच्या गल्लीत बुरशी आलेले पाव म्हशींना देतात. ते दुधात उतरतं का?"

आयोडीनकडे याचे उत्तर नाही. ते शोधायला आम्हाला पुस्तके उघडावी लागली.

उतरते. शेंगदाणा, सरकी, मका अशा धान्यांवर ओल धरली की ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत ते सापडले. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर, बांसवाडा आणि पंचमहाल भागात, पावसात भिजलेला मका खाऊन लोकांना कावीळ झाली आणि शंभराहून अधिक जण दगावले. तोच मका खाल्लेली कुत्रीही मेली.

गाय-म्हैस असा खुराक खाते तेव्हा तिचे यकृत या विषाचे रूप पालटते आणि त्याचा थोडासा भाग एका दिवसाच्या आत दुधात येतो. दुधातल्या या रूपाला 'एम-१' म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. दूध फाडून पनीर केले तर त्यातला बराचसा भाग पनीरमध्येच राहतो. एका पेल्याने कोणी आजारी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. भीती आहे ती वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात जाण्याची, कारण अफ्लाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो; हिपॅटायटिस बी असलेल्यांना धोका अधिक. आणि घरात सर्वात जास्त दूध पितात ती मुले.

भेसळीच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. पण अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले, तेव्हा आरोग्याला घातक भेसळ निघाली १२ नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले ३६८ नमुन्यांत. मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम; युरोपात ती याच्या दहावा भाग आहे. या नमुन्यांत प्रक्रिया केलेल्या दुधाचे प्रमाण सुट्या दुधापेक्षा जास्त होते. म्हणजे पिशवी घेतली म्हणून सुटलो, असे नाही.

रविवारी आम्ही आमच्या दूधवाल्या चाचांच्या तबेल्यावर गेलो. म्हशी धुतलेल्या, भांडी लख्ख. सरकी पेंडीच्या गोण्या मात्र सिमेंटच्या जमिनीवर, ओल आलेल्या भिंतीला टेकवून. एक गोणी उघडली तर आत ढेकळे झालेली, हिरवट. चाचा मोकळेपणाने म्हणाले, "नुसती दिली तर म्हैस तोंड लावत नाही. म्हणून चुनीत कालवून देतो."

जनावराला कळले होते. कालवून आपण त्याचे नाक बंद केले.

उपाय अवघड नाहीत. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. पावसाळ्यात थोडाच माल भरायचा, जुना आधी संपवायचा. ढेकळे झालेली पेंड उन्हात वाळवून काही उपयोग नाही. बुरशी मरते, विष राहते. तयार पशुखाद्य घेताना आयएसआय खूण पाहायची, त्यात या विषाची मर्यादा ठरलेली आहे. विष पोटातच धरून ठेवणारी बेंटोनाइट माती खुराकात मिसळतात, पण ती पशुवैद्यांना विचारून. समाधानाची गोष्ट अशी, की खराब खुराक थांबवला की तीन-चार दिवसांत दूध निवळते.

आपल्या घरांचाही यात वाटा आहे. शिळ्या रोट्या आणि पाव दाराच्या कडीला पिशवीत अडकवून ठेवायचे, मुके जनावर खाईल, सवाब मिळेल, ही आपली जुनी सवय. पावावरची प्रत्येक बुरशी हे विष करते असे नाही, पण डोळ्यांनी फरक कळत नाही. कोरडी, ताजी रोटी जरूर द्यावी. बुरशीची कचऱ्यातच टाकावी. दूध हलाल आहे ना, हे आपण गृहीतच धरतो. ते तय्यिबही असावे, तर पाण्याबरोबर पेंडीबद्दलही विचारायला हवे.

चाचांना हे सारे पटले. मग त्यांनी विचारले, "फेकलेल्या गोणीचे पैसे कोण देणार? तुम्ही लिटरला दोन रुपये जास्त द्याल?"

आम्ही देऊ म्हणालो. इमारतीतल्या इतर घरांना विचारले तेव्हा चार घरे तयार झाली, बाकीची "बघू" म्हणाली. पुढच्या रविवारी गोण्या फळ्यांवर होत्या. ती हिरवट गोणी कोपऱ्यात बाजूला ठेवलेली होती, अजून फेकलेली नव्हती.