पदवी झाली, पुढची वाहतूक कोणाची?



तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडावा, नाहीतर वजन घटते, उतारा उतरतो, हे आम्ही शेतकी विभागाची माणसे दर हंगामात सांगत असतो. पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराचेही तसेच होते.

आपली पुष्कळ मुले काका-मामांकडे कळंबोलीस राहून पनवेल, कामोठ्याला कॉलेज करतात. कळंबोलीतच लोखंड-पोलाद बाजार, जवळ तळोज्याची औद्योगिक वसाहत, पलीकडे 1989 पासूनचे जवाहरलाल नेहरू बंदर. काम हाकेच्या अंतरावर, पण तिथवर पोचवणार कोण?

कॉलेजात 'प्लेसमेंट सेल'ची पाटी असते; नॅकच्या पाहणीत त्याला गुण असतात. पण बहुतेक ठिकाणी एखादे प्राध्यापक आपले तास सांभाळून ते काम बघतात. कंपन्यांत हेलपाटे घालणे, मुलाखतीची तयारी करून घेणे, अर्ज भरून देणे, याला पूर्णवेळ माणूस लागतो. 2024 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. अशी योजना वेळेवर कळली तरच उपयोग ना?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका'ची वाट घातली. मांजरीची साखर संस्थाही 1975 साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनीच उभारली. तेव्हा वर्गणी काढून काम उभे करणे आपल्याला नवे नाही.

हिशेब बघा. गाळप 5 लाख टन धरले, तर टनामागे एक रुपया म्हणजे 5 लाख रुपये. एकरी 40 टन काढणाऱ्याचे एकराला 40 रुपये जातील. युरियाची गोणीसुद्धा त्यात येत नाही. एवढ्यात एका माणसाचा माफक पगार आणि फिरती भागावी. इमारतीत मात्र एक पैसाही घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोनशिला बसते, फोटो निघतो, आणि खोलीला कुलूप!

"बिलच वेळेवर नाही, त्यात ही कपात कशाला?" असे कोणी म्हणेल. रास्त आहे. म्हणून एफआरपी 14 दिवसांत पूर्ण जमा झाली, तरच त्या हंगामात रुपया घ्यावा. कपातीला सर्वसाधारण सभेचा ठराव हवाच. कॉलेजनेही दर सहामाहीस किती मुलांना काम लागले, किती पगारावर, हे लेखी कळवावे. न कळवल्यास पुढचा हप्ता थांबवावा.

तूर्त, त्या भागात शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींची नावे, कॉलेज व शाखा आपल्या गट कार्यालयात चिटबॉयकडे लिहून द्यावीत. सभेपुढे आकडा ठेवता येईल.