ताडवा, फास आणि अंगठी

२१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात बाबुराव शेडमाके यांना फाशी दिलं. इंग्रजांच्या दप्तरात ही एका बंडखोर जमीनदाराची हकिगत आहे. मुलचेरा, घोट, अहेरी या टापूतली गोंड-माडिया माणसं तीच हकिगत सांगतात तेव्हा ती एका दैवी वस्तूची कथा होते. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या दोन हकिगती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

कथा अशी. देवांनी बाबुरावांना ताडवा खाऊ घातला. पांढऱ्या बांबूवर वाळवी तयार करते असा जहाल पदार्थ. तो पोटात जाताच अंग बधिर झालं, शुद्ध हरपली. बायको राजकुंवर घाबरली आणि तिनं ताडवा पाण्यात फेकून दिला. पचला असता तर बाबुराव अख्ख्या पृथ्वीचे धनी झाले असते. जेवढा अंगी लागला तेवढ्यानं अचाट बळ आलं. म्हणूनच फासाचा दोर तीनदा सुटला. चौथ्यांदा जीव गेला, तरी इंग्रजांची खात्री पटेना, तेव्हा देह चुन्याच्या भट्टीत घातला.

राजकुंवरचं ते फेकणं मला या कथेचा गाभा वाटतं. कारण जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५४-५५ मध्ये, टोल्किन नावाच्या ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकानं शक्तीची वस्तू फेकून देण्यावरच तीन खंड प्रसिद्ध केले. त्याच्या कथेत अंगठी ज्वालामुखीत पडते आणि जग वाचतं. ती बोटात घालणारा हळूहळू तिचा गुलाम होतो, म्हणून शहाणी माणसं तिला हातसुद्धा लावत नाहीत. इथे मात्र वस्तू पाण्यात पडते आणि राज्य हुकतं. तिथे फेकणं ही सुटका, इथे ती हळहळ.

दोन्ही कथा आपापल्या जागी खऱ्या आहेत. टोल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत होता. साम्राज्यं काय करतात हे त्यानं खंदकात बसून पाहिलं होतं. सत्तेचा मोह नाकारण्याची कल्पना तिथे सुचली तर नवल नाही. पण ज्याची जमीन, जंगल आणि अंमल दुसऱ्यानं हिसकावून घेतला आहे, त्याला ‘सत्ता वाईट, ती टाकून दे’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं? टाकायला आधी हातात काही असावं लागतं.

बाबुरावांच्या बंडात प्रत्यक्ष काय घडलं, तेही पाहण्यासारखं आहे. मार्च १८५८ मध्ये बाबुरावांनी राजगड परगणा घेतला. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ कॅप्टन क्रिक्टनच्या तुकडीला माघार घ्यावी लागली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. २९ एप्रिलला चिंचगुंडीच्या तारायंत्राच्या छावणीवर हल्ला झाला; तिथले हॉल आणि गार्टलँड हे दोघे मारले गेले, तिसरा पीटर निसटला. तारायंत्र! शेकडो कोसांवरचं बोलणं क्षणात पोचवणारी तार हीच त्या काळातली कंपनीची जादूची वस्तू. बंडवाल्यांनी नेमकं तिच्यावर झडप घातली, यात मला योगायोग दिसत नाही. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, हे ठाऊक असलेल्या माणसांना कुठे घाव घालायचा ते कळतं.

पोपट आठवला तर पुढचा पदर उलगडायलाच हवा. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं चामोर्शी-मुलचेऱ्याच्या जंगलात वसवली गेली. भात आणि मासळीबरोबर त्यांनी आजीच्या गोष्टीही आणल्या. दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी १९०७ साली ‘ठाकुरमार झुली’त छापलेल्या त्याच जातीच्या. त्यांत सोन्याची काठी आणि रुप्याची काठी राजकन्येला निजवते, जागवते. राक्षसाचा प्राण तळ्याच्या तळाशी भुंग्यात लपलेला असतो. मराठी घरातल्या पोपटाचा हा सख्खा भाऊ. टोल्किनच्या काळ्या सरदारानं आपलं बळ अंगठीत ओतलं, हॅरी पॉटरच्या खलनायकानं आपल्या आत्म्याचे तुकडे वस्तूंत लपवले, तीही हीच जुनी युक्ती. बळ अंगाबाहेर ठेवलं की मालक अजिंक्य वाटतो, आणि ती जागा सापडली की संपतो. घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना ही गोष्ट का धरून ठेवावीशी वाटली असेल, ते फारसं समजावून सांगायला नको.

अशा कथांतली तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. कचारगडच्या गुहेत कोंडलेल्या मुलांची गोंडी कथा घ्या. हिरासुका पाटालीर बाहेर किंगरी वाजवतो, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ येतं आणि ती दारावरची शिळा ढकलून देतात. हिरासुका मात्र त्या शिळेखाली चिरडून मरतो. इथे वस्तू वाजवणाऱ्याला काहीच देत नाही. तिचं सारं बळ दुसऱ्याच्या दंडात उतरतं. अंगठी आणि ताडवा दोन्ही एकाच माणसाला मोठं करायला निघालेल्या वस्तू. किंगरी त्यांच्या पंगतीत बसत नाही.

आपल्या छापील अद्भुताचा इतिहास मात्र १८६१ च्या ‘मुक्तामाला’ या कादंबरीपासून सुरू होतो, अरबी सुरस गोष्टींवरून ‘चांदोबा’कडे येतो आणि इंग्रजी मालिकांच्या अनुवादांवर थांबतो. मुलचेऱ्याकडे तो वळतच नाही. ‘मुक्तामाला’ निघाली तेव्हा बाबुरावांच्या फाशीला तीनच वर्षं झाली होती, आणि दोराची गोष्ट तोवर बहुधा गावोगाव फिरू लागली असावी. ती ‘लोकसमजूत’ म्हणून टिपेत ढकलली गेली, कादंबरीच्या दारात कुणी उभीच केली नाही. हे आपल्या समीक्षेचं दारिद्र्य आहे.

१२ मार्च २००९ रोजी टपाल खात्यानं बाबुरावांचं तिकीट काढलं. चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळाजवळ दर २१ ऑक्टोबरला माणसं जमतात. ताडव्याची गोष्टही अजून सांगितली जाते.

तिच्यात एक माणूस सहसा येत नाही. इंग्रजांच्या दडपणाखाली बाबुरावांना पकडून देणाऱ्या अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई. त्यांना ना ताडवा लागला, ना मंत्र. बक्षीस म्हणून इंग्रजांनी त्यांना अडपल्ली-घोटच्या जप्त जमीनदारीतली ६७ गावं दिली.