नलिका आणि औषध : आयर्लंडमधून दिसणाऱ्या पक्षाघात-चाचण्यांचा मागोवा

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघातावर विसाव्या शतकाच्या अखेरीस एकच सिद्ध औषध हाती आले होते. ते म्हणजे शिरेतून दिले जाणारे, गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेस. १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने त्याचा उपयोग पहिल्या तीन तासांपुरता सिद्ध केला आणि २००८ मध्ये युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. मात्र गुठळी लहान असेल तर ती विरघळे; मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या किंवा मेंदूच्या मध्यभागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमनीत अडकलेली लांब गुठळी बहुधा औषधाला दाद देत नसे. अशा गुठळीपर्यंत जांघेतील धमनीतून बारीक नलिका नेऊन, तारेच्या जाळीने किंवा शोषून ती बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेला थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. ही शस्त्रक्रिया उपयुक्त ठरल्यावर तिच्यासोबत कोणते औषध द्यावे, कधी द्यावे आणि द्यावे की नाही, हे प्रश्न पुढील दशकभर जगभरच्या चाचण्यांनी तपासले. त्यांतील काही महत्त्वाच्या चाचण्यांत आयर्लंड सहभागी होते, आणि त्यांच्या निष्कर्षांचा अर्थ तेथील भूगोलामुळे वेगळा लावावा लागला.

या दशकापूर्वी आयर्लंडची परिस्थिती फारशी आशादायक नव्हती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पक्षाघात-सेवेच्या राष्ट्रीय पाहणीत गुठळी विरघळवणारे औषध मिळालेल्या रुग्णांचे प्रमाण अवघे एक टक्क्याच्या आसपास आढळले, आणि पक्षाघाताच्या रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष असलेली रुग्णालये जवळजवळ नव्हतीच. २०१० मध्ये राष्ट्रीय पक्षाघात कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी आयरिश हार्ट फाउंडेशनने लक्षणे ओळखून तातडीने रुग्णवाहिका बोलावण्याची जनजागृती मोहीम हाती घेतली, आणि २०१५ च्या राष्ट्रीय तपासणीपर्यंत औषध मिळणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेले. शस्त्रक्रियेसोबतच्या औषधाचा प्रश्न पुढे आला तेव्हा औषधोपचाराची ही व्यवस्था देशात नुकतीच रुजली होती, हे लक्षात ठेवावे लागते.

नेदरलँड्समधील ‘एमआर क्लीन’ या ५०० रुग्णांच्या चाचणीचा अनुकूल निष्कर्ष २०१४ च्या अखेरीस जाहीर झाला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘एस्केप’ चाचणीने त्याला दुजोरा दिला. कॅनडातील कॅलगरी येथून चालवलेल्या ‘एस्केप’मध्ये २२ केंद्रे होती आणि त्यांत आयर्लंडचे एकच केंद्र होते, डब्लिनचे बोमाँट रुग्णालय. ३१६ रुग्णांनंतर ती मुदतीआधीच थांबवण्यात आली, कारण शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५३ टक्के रुग्ण ९० दिवसांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकत होते, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २९.३ टक्के होते. मृत्यूचे प्रमाणही १९ टक्क्यांवरून १०.४ टक्क्यांवर आले होते. शस्त्रक्रियेचा विजय म्हणून गाजलेल्या या निष्कर्षातील एक तपशील पुढील वाटचालीच्या दृष्टीने निर्णायक होता: दोन्ही गटांतील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना अल्टेप्लेस आधीच दिलेले होते. म्हणजे चाचणीने प्रामुख्याने औषधासह शस्त्रक्रियेची तुलना एकट्या औषधाशी केली होती. औषध वगळून केलेली शस्त्रक्रिया तेवढीच परिणामकारक ठरेल का, हे तिने सांगितलेले नव्हते.

आयर्लंडमध्ये ही शस्त्रक्रिया बोमाँट आणि कॉर्क विद्यापीठ रुग्णालय या दोनच ठिकाणी होऊ लागली. त्यामुळे डोनेगल परगण्यातील लेटरकेनीच्या रुग्णाला दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून डब्लिन गाठावे लागे, आणि पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवेच्या रुग्णालाही देश ओलांडून यावे लागे. बहुसंख्य रुग्ण प्रथम जवळच्या रुग्णालयात जात, तेथे सीटी स्कॅन होऊन औषध सुरू होई आणि मगच रुग्णवाहिका शस्त्रक्रिया-केंद्राकडे निघे. दरम्यान त्याच गॉलवेत २००९ मध्ये स्थापन झालेल्या न्यूरावी या कंपनीने गुठळी पकडणारे ‘एम्बोट्रॅप’ हे उपकरण विकसित केले आणि २०१७ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने ती कंपनी विकत घेतली. उपकरण बनवणारे शहर आणि ते वापरणारे रुग्णालय यांच्यामध्ये देशाची अख्खी रुंदी उभी होती.

म्हणूनच ‘औषध वगळता येईल का’ हा प्रश्न येथे केवळ औषधशास्त्राचा राहिला नाही. अल्टेप्लेसने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, गुठळीचा तुकडा सुटून पुढच्या बारीक धमनीत अडकू शकतो, आणि शस्त्रक्रिया लगेच होणार असेल तर औषध देण्यात जाणारा वेळही वाया गेला असे म्हणता येते. चीन, जपान, युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथील सहा चाचण्यांनी या प्रश्नाचा शोध घेतला. त्यांतील २,३१३ रुग्णांची माहिती एकत्र करून २०२३ मध्ये ‘आयरिस’ विश्लेषण प्रसिद्ध झाले, आणि औषध वगळण्याचा मार्ग औषधासह शस्त्रक्रियेपेक्षा कमी प्रतीचा नाही, असे त्यातून सिद्ध होऊ शकले नाही. पुढील वर्षीच्या विश्लेषणाने वेळेचा हिशेब मांडला: लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे दोन तास वीस मिनिटांच्या आत औषध दिले जाणार असेल, तरच त्याचा अतिरिक्त लाभ सांख्यिकीय दृष्ट्या स्पष्ट दिसत होता. परंतु हे सर्व रुग्ण थेट शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयात दाखल झालेले होते. ज्याच्या वाट्याला औषध आणि नलिका यांच्यामध्ये रुग्णवाहिकेतील प्रदीर्घ प्रवास येतो, त्या रुग्णाबद्दल या आकड्यांवरून निवाडा करता येत नाही.

गुठळीच्या अंगाने याच प्रश्नाचा तपास गॉलवे विद्यापीठातील कॅरन डॉयल यांच्या संशोधक-गटाने केला. ‘रिस्टोर’ या नोंदसंग्रहात बोमाँटसह स्वीडन, हंगेरी व ग्रीस येथील रुग्णालयांत काढलेल्या एक हजार रुग्णांच्या गुठळ्या जमा झाल्या. त्यांच्या मापनातून असे दिसले की, आधी औषध मिळालेल्या रुग्णांतून निघालेल्या गुठळ्यांचे क्षेत्रफळ लक्षणीय कमी होते, मात्र धमनी पुन्हा मोकळी होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. औषध गुठळीवर काम करत होते, तरी त्याचा ठसा शस्त्रक्रियेच्या यशावर उमटत नव्हता.

गुठळीऐवजी मेंदूच्या पेशींवर काम करणाऱ्या औषधाची कथा अधिक गुंतागुंतीची ठरली. रक्त न मिळाल्याने पेशीच्या आत जी घातक रासायनिक साखळी सुरू होते, तिच्यातील एक दुवा तोडण्यासाठी टोरांटोमध्ये नेरिनेटाइड हे छोट्या प्रथिनासारखे औषध तयार झाले. प्राण्यांवरील प्रयोगांत गुणकारी ठरलेली अशी अनेक औषधे माणसांत निष्फळ ठरली होती, पण पूर्वी धमनी बंदच राहत असे. आता ती उघडता येत असल्याने औषध पेशीपर्यंत पोहोचेल, असा तर्क होता. २०१७ ते २०१९ दरम्यान आठ देशांतील ४८ रुग्णालयांत झालेल्या ‘एस्केप-एनए१’ चाचणीत १,१०५ रुग्णांची विभागणी झाली, आणि तिच्या संशोधकांत डब्लिनमधील डॉक्टरही होते. चांगल्या स्थितीतील रुग्णांचे प्रमाण नेरिनेटाइड मिळालेल्यांत ६१.४ टक्के आणि निष्क्रिय द्रव मिळालेल्यांत ५९.२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच आढळले. मात्र अल्टेप्लेस न मिळालेल्या रुग्णांत ते ५९.३ विरुद्ध ४९.८ टक्के होते. अल्टेप्लेसमुळे रक्तात प्लाझमिन हे गुठळी तोडणारे विकर तयार होते आणि तेच नेरिनेटाइडचेही तुकडे करते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले गेले व रक्तातील औषधाच्या घटलेल्या पातळीने त्याला आधार मिळाला. एवढा सुसंगत खुलासा असूनही, गुठळी विरघळवणारे औषध न मिळालेल्या रुग्णांतच केलेल्या ‘एस्केप-नेक्स्ट’ चाचणीत, जिचा निष्कर्ष २०२५ मध्ये आला, लाभ दिसला नाही. एका चाचणीच्या पोटात सापडलेला फरक कितीही पटण्याजोगा असला तरी स्वतंत्र चाचणीवाचून तो पुरावा होत नाही, हा धडा या दोन चाचण्यांनी मिळून दिला.

इतर जोड-औषधांचा अनुभवही सावध करणारा होता. शस्त्रक्रियेदरम्यान ॲस्पिरिन किंवा हेपारिन देऊन पाहणारी नेदरलँड्समधील ‘एमआर क्लीन-मेड’ चाचणी मेंदूतील रक्तस्राव जवळजवळ दुप्पट झाल्याने थांबवावी लागली, तर चीनमध्ये आधी टायरोफिबान आणि नंतर मिथाइलप्रेडनिसोलोन यांच्या मोठ्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. मोठी गुठळी काढल्यावर बारीक वाहिन्यांतील अवशेष विरघळावेत म्हणून धमनीतूनच अल्टेप्लेस देणारी स्पेनमधील ‘चॉइस’ चाचणी अनुकूल निघाली, परंतु ती १२१ रुग्णांवरच थांबली होती, आणि नंतरच्या चिनी चाचण्यांचे निकाल एकमुखी नाहीत.

या काळात खरे स्थित्यंतर घडवले ते टेनेक्टेप्लेसने. अल्टेप्लेसचा दहावा हिस्सा एकदम देऊन उरलेले तासभर ठिबकत सोडावे लागते. टेनेक्टेप्लेस मात्र काही सेकंदांत एकाच इंजेक्शनने दिले जाते, त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या रुग्णासाठी ते सोयीचे आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०२ रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रियेपूर्वीच रक्तप्रवाह पुरेसा सुरू होण्याचे प्रमाण त्याने १० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर नेले. पुढे ब्रिज-टीएनके या चीनमधील ५५० रुग्णांच्या चाचणीत २०२५ साली दिसून आले की, टेनेक्टेप्लेस देऊन शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ५२.९ टक्के, तर थेट शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ४४.१ टक्के रुग्ण स्वावलंबी झाले. त्याच्या मर्यादाही एव्हाना कळल्या होत्या. आयर्लंडसह दहा देशांत झालेल्या ‘टेम्पो-२’ चाचणीत, धमनी बंद असूनही लक्षणे सौम्य असलेल्या ८८६ रुग्णांत या औषधाचा लाभ दिसला नाही, उलट मृत्यू अधिक झाले, असे २०२४ मध्ये जाहीर झाले.

या सर्व निष्कर्षांत एक सूत्र आहे. शस्त्रक्रियेसोबतच्या औषधाचे मोल त्याच्या रासायनिक गुणांवर जितके ठरते, तितकेच ते कोणत्या रुग्णाला, कोणत्या घटकेला आणि कोणत्या रुग्णालयात दिले यावर ठरते. आयर्लंडने रुग्ण पुरवले, गुठळ्यांचा अभ्यास केला, उपकरण घडवले. आणि आयरिश संशोधक पीटर केली यांच्या नेतृत्वाखाली १३ देशांत ३,१५४ रुग्णांवर झालेल्या, पुन्हा होणाऱ्या पक्षाघाताला कोल्चिसिनने आळा बसतो का हे तपासणाऱ्या ‘कन्व्हिन्स’ चाचणीतून, स्वतः मोठी चाचणी उभारण्याची क्षमताही दाखवली. लेटरकेनीसारख्या ठिकाणी औषध घेऊन तासन्‌तास प्रवास करणाऱ्या रुग्णाला त्या औषधाचा नेमका किती लाभ होतो, याचे उत्तर रुग्ण थेट केंद्रात येणाऱ्या महानगरांतील चाचण्यांतून मिळणार नाही. दोन केंद्रांच्या देशाला तो प्रश्न स्वतःच्याच रस्त्यांवर तपासावा लागेल.