दाढ दुखण्याआधी

आपल्याच गावचा एखादा मुलगा दातांचा डॉक्टर होऊन तालुक्याच्या पेठेत दवाखाना थाटतो, तेव्हा त्याच्याकडे आधी कोण जातो? ज्याचा गाल सुजला आहे तो. रात्रभर दाढेखाली लवंग धरून बसलेला माणूस सकाळी म्हणतो, "उपटून टाक बाबा एकदाची!"

पण श्रोतेहो, दाढ उपटण्यापेक्षा ती राखण्याच्या कामी हा डॉक्टर अधिक उपयोगी आहे. दातांवर चिकट थर साचतो. त्यातील जंतू गोड खाण्यापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कवच झिजते. कीड लहान असतानाच दाखविली, तर दात कोरून भरता येतो. ती नसेपर्यंत पोचली, की खर्च वाढतो आणि दाढ जाण्याचीही पाळी येते.

शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाचा दात न पडताच, सर्वांत मागे नवी दाढ येते. घरची माणसे तिला दुधाची समजतात; 'पडायचीच आहे' म्हणून दुर्लक्ष करतात. ती कायमची असते. गेली की पुन्हा येत नाही. पालकांना एवढे सांगितले तरी पुष्कळ दाढा वाचतील.

सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. मशेरी सोडावी, ती भाजलेली तंबाखूच, आणि तिच्याने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तोंडातील पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दुखत नसली तरी दाखवावी.

डॉक्टर ओळखीचा आहे. बाजाराच्या दिवशी जाता जाता दात तपासून घ्यायला कितीसा वेळ लागतो?