महामार्गाची आखणी आणि वन्य प्राण्यांची वाट

वनातून महामार्ग नेला असता वन्य प्राण्यांची हानी दोन प्रकारांनी होते. वाहनाखाली सापडून प्राणी मरतात, ही हानी सर्वांना दिसते. दुसरी हानी सावकाश होते व ती सहज लक्षात येत नाही. रुंद व वाहता रस्ता ओलांडण्याचे प्राणी टाळू लागले, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंचे प्राणिसमूह एकमेकांपासून तुटतात. लहान समूहात जवळच्या नात्यात प्रजोत्पत्ती होऊ लागते, आणि एखादी रोगाची साथ सबंध समूह नाहीसा करू शकते. वाघासारख्या, मुळातच संख्येने थोड्या असलेल्या प्राण्याच्या बाबतीत हा धोका विशेष असतो. यास्तव रस्त्याला मंजुरी देण्यापूर्वी त्याच्या परिणामांचे परीक्षण केले जाते.

भारतात या परीक्षणाला अनेक कायद्यांचा आधार आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा, तर वनजमिनीच्या वापरावर निर्बंध घालणारा अधिनियम १९८० सालचा आहे. २००६ साली पहिल्या अधिनियमात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण अस्तित्वात आले. व्याघ्र प्रकल्पच नव्हे, तर एका संरक्षित वनाला दुसऱ्याशी जोडणारे वनपट्टेदेखील या दुरुस्तीने संरक्षणाखाली आणले. रस्त्याचा प्रस्ताव अशा प्रकारे निरनिराळ्या कार्यालयांतून फिरतो, आणि त्यात वर्षे जातात. ही पद्धत सुटसुटीत असावी, अशी मागणी रस्ते बांधणाऱ्यांकडून सतत होत आली आहे.

ही मागणी गैर म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की, सुटसुटीतपणा कोणत्या मार्गाने साधावा? एक मार्ग परीक्षणाचे क्षेत्रच कमी करण्याचा आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार, अन्य अटींसह, ३० किलोमीटरांहून लांब महामार्ग रुंद करावयाचा असेल तर पर्यावरणीय मंजुरी आवश्यक होती. २०१३ साली ही मर्यादा १०० किलोमीटर झाली. तथापि रस्त्याच्या एकूण लांबीवरून तो वनातील कोणत्या जागी प्राण्यांची वाट अडवतो, हे कळत नाही. दुसरा मार्ग तोच प्रश्न लवकर विचारण्याचा आहे. या दोहोंतील अंतर नागपूरच्या उत्तरेस घडलेल्या एका प्रकरणावरून स्पष्ट होते.

पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाणारा व आता क्रमांक ४४ मध्ये समाविष्ट झालेला रस्ता नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील वनांतून जातो. याच वनांमधून पेंच आणि कान्हा यांना जोडणारा वाघांचा भ्रमणमार्ग आहे. दिल्लीतील द्वारका या उपनगरात मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने हा रस्ता चौपदरी करावयास घेतला. वनाबाहेरचे भाग रुंद झाले. मधला वनातील पट्टा मात्र अरुंद व खड्ड्यांनी भरलेला राहिला. प्राण्यांसाठी रस्त्याखालून ठेवावयाच्या वाटा किती रुंद असाव्यात, याविषयी प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात एकमत होईना. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. दोन्ही बाजूंचे काम होऊन गेल्यामुळे दुसऱ्या मार्गाचा विचार करण्यास फारसा वाव उरला नव्हता.

अखेर उत्तर सापडले ते अभियांत्रिकीत. महाराष्ट्रातील मनसर ते खवासा या भागात रस्ता नऊ ठिकाणी उंच उचलून त्याखाली सुमारे ५० ते ७५० मीटर रुंदीच्या मोकळ्या वाटा ठेवण्यात आल्या. २०१९ साली संस्थेने तेथे स्वयंचलित कॅमेरे लावून निरीक्षण केले, तेव्हा १८ जातींचे वन्य प्राणी या वाटांचा उपयोग करीत असल्याचे दिसून आले. त्यांत दहा वेगवेगळे वाघ होते; ते एकूण ८९ वेळा या वाटांनी गेले होते. वाहतूक वरून आणि वाघ खालून, असा मार्ग निघू शकतो हे सिद्ध झाले. हाच आराखडा आरंभी मान्य झाला असता, तर प्रवाशांची व वनाचीही अनेक वर्षे वाचली असती.

२०१६ साली वन्यजीव संस्थेने रस्ते, लोहमार्ग व वीजवाहिन्यांसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातील क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे: प्रथम वन टाळावे, ते अशक्य असेल तरच हानी कमी करण्याचे उपाय योजावेत. असे निकष आधीच ठाऊक असले, की अभियंत्याला आखणीच्या वेळीच खर्चाचा हिशेब करता येतो. अमेरिकेतही इंडियाना वटवाघळासाठी रस्त्यांच्या नेहमीच्या कामांचा एकत्रित विचार करून अटी ठरविण्यात आल्या. उदाहरणार्थ, वटवाघळे गुहांत शीतनिद्रेत असतात त्या हिवाळ्यात वृक्षतोड करावी. त्या अटी पाळणाऱ्या कामाला दर वेळी नव्याने दीर्घ चौकशीची गरज राहत नाही.

अर्थात प्रत्येक गोष्ट ठराविक साच्यात बसत नाही. जमिनीवरून चालणाऱ्या वाघाला उपयोगी पडणारी वाट झाडांच्या शेंड्यांवरून जाणाऱ्या शेकरूच्या कामाची नाही. म्हणून निकष तयार असले, तरी प्रत्यक्ष जागेवरील पाहणी अनिवार्यच राहते. २०१८ पासून मंजुरीचे अर्ज ‘परिवेश’ या एकाच संगणकीय व्यवस्थेतून केले जातात. त्यामुळे कागदांचा प्रवास कमी होऊ शकेल. परंतु वाघ कोणत्या नाल्याने ये-जा करतो, हे वनात जाऊनच पाहावे लागते, आणि ते नकाशावर रस्त्याची रेघ ओढण्यापूर्वी पाहिले तरच त्या माहितीचा पुरता उपयोग होतो.