अवयव, अवयवी आणि लेगोचं अवकाशयान

गेल्या व्याख्यानात आपण कापड आणि धागे यांच्यापाशी थांबलो होतो. धागे एकत्र आले की त्यांनाच आपण ‘कापड’ म्हणतो, की धाग्यांपेक्षा वेगळी अशी कापड नावाची वस्तू जन्माला येते? नैयायिक म्हणतात, वेगळी वस्तू जन्माला येते. धागे हे अवयव आणि कापड हा अवयवी. बौद्ध म्हणतात, अवयवांचा समुदाय तेवढा आहे, ‘कापड’ हे सोयीसाठी दिलेलं नाव. राजा मिलिंदाला भिक्षू नागसेन रथाच्या उदाहरणाने हेच समजावतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कुठे आहे?

व्याख्यान संपल्यावर काही जणांनी विचारलं, सर, हा वाद आज कुणाच्या काय कामाचा? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण पोथी थोडी बाजूला ठेवू आणि एक खेळणं घेऊ. लेगोच्या ठोकळ्यांचं अवकाशयान, आणि ते जिथे उतरलं आहे ती गोदी. (हशा) हसा, आम्हीही आधी हसलोच होतो. मागच्या उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे नेदरलँड्सला होतो. तिथे सतरा वर्षांच्या नातवाने जेवणाचं टेबल बारा आठवडे अडवून ठेवलं होतं. पहिले दोन आठवडे आम्ही कुरकुर केली. उरलेले दहा आठवडे खुर्ची ओढून शेजारी बसलो.

ठोकळा : ठरलेला अवयव

आधी ठोकळा समजून घेऊ. डेन्मार्कमधल्या बिलुंड या गावी लेगो कंपनी आहे. आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी तिने २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. ठोकळ्याच्या डोक्यावर गोल उंचवटे असतात, त्यांना स्टड म्हणतात. पोटात पोकळ नळ्या असतात. उंचवटे नळ्यांच्या मध्ये घट्ट बसतात आणि ठोकळे धरून राहतात. दोन शेजारच्या स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. चपट्या प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेटी मिळून एक ठोकळा. ही मापं इतकी काटेकोर पाळली आहेत, की १९५८चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो.

आता यातली गंमत बघा. आठ स्टडचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे घ्या. ते एकमेकांना किती प्रकारे जोडता येतील? गणितज्ञांनी मोजून काढलेला आकडा आहे ९१,५१,०३,७६५. सहा ठोकळे आणि एक्क्याण्णव कोटींहून जास्त रचना! पण प्रत्येक ठोकळा मात्र जसा आहे तसाच. तयार संच बाजूला ठेवून स्वतःच्या डोक्याने मोठी कामं रचणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यात एक संकेत आहे: ठोकळा कापायचा नाही, तासायचा नाही, डिंक लावायचा नाही. सुतार लाकडाला आकार देतो, शिल्पकार दगडाला. इथे अवयवाला हात लावायला परवानगी नाही. जे काही हवं ते जोडणीतूनच काढायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मूळच नसलेल्या वस्तूची प्रतिकृती

नातवाने निवडला होता १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मधला प्रसंग. मॉस आयझ्ली नावाचं वाळवंटी शहर, त्यातली चौऱ्याण्णव क्रमांकाची गोलाकार, खोलगट गोदी, आणि तिच्यात उभं असलेलं ‘मिलेनियम फाल्कन’ हे यान. आम्ही विचारलं, एखाद्या किल्ल्याची प्रतिकृती करायची तर किल्ल्यावर जाऊन मापं घेता येतात. या यानाची मापं कुठून घेणार?

उत्तर ऐकून आम्ही सावरून बसलो. त्या चित्रपटासाठी स्टुडिओत यान अर्धंच बांधलं होतं. ते एवढं अवजड, की जागचं हलवायचं नाही, भोवतालचा देखावा तेवढा बदलायचा. उडतानाच्या दृश्यांसाठी सुमारे पाच फुटांची वेगळी प्रतिकृती होती. १९८०च्या दुसऱ्या चित्रपटासाठी आणखी लहान प्रतिकृती केली आणि वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक इथे पूर्ण आकाराचं यान बांधलं. तेव्हा त्याच्या पोटाखालचे पाय पहिल्यापेक्षा वाढले. शिवाय आतल्या खोल्यांचे सेट बाहेरच्या आकारात मावत नाहीत, हे चाहत्यांनी केव्हाच मोजून दाखवलं आहे. म्हणजे एकच नाव, आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या चार-पाच वस्तू. त्यावर कडी अशी, की स्टुडिओच्या कारागिरांनी प्रतिकृतीवरचं बारीक यंत्रकाम दुकानातल्या रणगाड्यांच्या वगैरे प्लॅस्टिक संचांचे सुटे भाग चिकटवून केलं होतं. खेळण्याच्या तुकड्यांतून यान झालं, आणि आता यानावरून पुन्हा खेळणं होतंय!

सत्याचे दोन निकष आपण पूर्वी पाहिले आहेत. विधान वस्तुस्थितीशी जुळलं पाहिजे, हा एक. विधानं आपापसांत जुळली पाहिजेत, हा दुसरा. इथे पहिला निकष निम्म्या वाटेवर संपतो. नातवाने ठरवलं, पहिल्या चित्रपटात जे दिसतं ते तसंच ठेवायचं. जे कधी कुणी बांधलंच नाही, ते यानाचं दुसरं अर्ध, दिसणाऱ्या अर्ध्याशी सुसंगत असं आपण रचायचं. आराखड्याचा पहिला दिवस, आणि पोराने ज्ञानमीमांसेतला निर्णय घेऊन टाकला होता.

माप, वाक आणि तिरकेपणा

मग आलं प्रमाण. २०१७ साली लेगोने काढलेल्या मोठ्या फाल्कनच्या संचात ७,५४१ तुकडे आहेत आणि लांबी ८४ सेंटिमीटर. कथेतल्या यानाची लांबी सुमारे ३५ मीटर धरतात. म्हणजे प्रमाण साधारण १:४१. लेगोचा छोटा माणूस ४ सेंटिमीटर उंच, तो या हिशेबाने १६४ सेंटिमीटरचा होतो, छान जुळलं. पण हातांसकट त्याची रुंदी सुमारे अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक मीटर! उंचीने माणूस आणि रुंदीने कपाट. त्याच्यासाठी दार मापात केलं तर तो अडकतो, मोठं केलं तर भिंत खोटी दिसते. नातवाने दारं वाढवली आणि भिंतीही थोड्या उंच केल्या, म्हणजे डोळ्याला दाराचा थोराडपणा जाणवत नाही. एक भाग बदलला की शेजारचे चार बदलावे लागतात, हे तिथे आम्हाला पहिल्यांदा दिसलं.

गोदीची भिंत गोल, ठोकळे चौकोनी. इथे एक बारीक गोष्ट कामी येते. चार स्टड लांबीचा ठोकळा ३२ मिलिमीटर नसतो, ३१.८ असतो. दोन ठोकळ्यांमध्ये केसाएवढी फट राहावी म्हणून. दोन स्टडच्या ठोकळ्यांची लांबलचक भिंत रचली, की या शेकडो फटी मिळून ती हळूहळू वाकते आणि तिचं चक्क वर्तुळ करता येतं. एकट्या ठोकळ्यात गोलाई औषधाला नाही. ती ठोकळ्यांच्या मधल्या जागेत आहे.

यानाच्या तिरक्या कडांसाठी बिजागरी, आणि बिजागरी पक्की बसावी म्हणून तीन-चार-पाचचा त्रिकोण, शुल्बसूत्रांत वेदीच्या मापांमध्ये भेटतो तोच. ठोकळे आडवे बसवायचे असतील तर आणखी एक हिशेब: पाच प्लेटींची जाडी बरोबर दोन स्टडएवढी, १६ मिलिमीटर. एवढ्या एका समीकरणावर ही मंडळी भिंतीच्या भिंती आडव्या चालवतात.

उचलून बघा

सगळं आधी संगणकावर रचलं होतं. त्यासाठीची एक मोफत प्रणाली १९९५पासून आहे, आणि आता तर अशी साधनं पुष्कळ आहेत. पडद्यावर मात्र ठोकळ्याला वजन नसतं. प्रत्यक्षात यान उभं राहिलं तेव्हा पुढचे दोन जबडे हळूहळू खाली झुकले. नातवाने दोन्ही हातांनी मागची बाजू धरून यान उचललं. मागचं अर्ध वर आलं, पुढचं टेबलावरच राहिलं.

आम्ही म्हणालो, ठोकळे कच्चे असतील. तो हसला आणि त्याने एक प्रयोग सांगितला. २०१२ साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमासाठी इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीत चार स्टडचा एक ठोकळा यंत्राखाली दाबून पाहिला. तो सुमारे ४३२ किलो वजनाला दबला. म्हणजे एकावर एक ३,७५,००० ठोकळे, साडेतीन किलोमीटर उंचीचा मनोरा, तेव्हा कुठे सर्वांत खालचा ठोकळा हार मानेल. अर्थात एवढा मनोरा कुणी उभा करू शकणार नाही. तो त्याच्या कितीतरी आधी कलंडेल. ठोकळा चिरडत नाही, जोड सुटतो.

नंतर तो म्हणाला, “आजोबा, तुकडे चांगलेच आहेत हो. जोड चुकलाय.”

आता न्यायसूत्रांकडे परत येऊ. अवयवी हा अवयवांहून वेगळा आहे, याला तिथे एक युक्तिवाद दिला आहे, धारण आणि आकर्षण यांचा. घड्याचा काठ धरला की सगळा घडा हातात येतो. टोक ओढलं की सगळी काठी ओढली जाते. वाळूच्या ढिगाचं तसं होत नाही. म्हणून घडा ‘एक’ आहे. भाष्यकार वात्स्यायन इथे प्रामाणिकपणे शंका काढतात, की हे धरून राहणं चिकटपणामुळेही होत असेल, तेवढ्यावरून अवयवी सिद्ध होत नाही. शंका बरोबर आहे. पण सिद्धान्ताचा पुरावा म्हणून हा युक्तिवाद अपुरा पडला तरी कारागिराची कसोटी म्हणून पक्का आहे. एका टोकाला धरून उचला. सगळं वर येतंय का?

सुधारणा म्हणजे काय

त्या आठवड्यात नातवाने आधी काय केलं, तर जबड्यांवर आणखी नक्षी लावली. बारीक नळ्या, जाळ्या, झडपा. काम सुंदर होत गेलं आणि जबडे आणखी झुकले. मग एका सकाळी त्याने वरचं सगळं कवच उतरवलं. आत लांब भोकांच्या पट्ट्यांचा सांगाडा घातला, मागून पुढे आरपार जाणारा, त्रिकोणांनी आवळलेला. सांगाड्याला जागा हवी म्हणून आतली एक खोली गेली. ती त्याने महिनाभर रचली होती. सगळं झाल्यावर यान उचललं. आलं.

वैशेषिक म्हणतात, कापडातला एक धागा काढला तर जुनं कापड नष्ट होतं आणि नवं, एका धाग्याने उणं कापड जन्मतं. शिकवताना हे आम्हालाही जरा अतिरेकी वाटायचं. पण नातू प्रत्येक फेरीला क्रमांक देत होता, चौथं यान, पाचवं यान, आणि त्याच वेळी ‘माझं यान’ असं एकवचनात बोलत होता. मोडताना तो बौद्ध असायचा: आहेत ते ठोकळे, यान कुठे आहे? उचलताना नैयायिक व्हायचा: हे एक आहे, एकदमच वर आलं पाहिजे. आम्हाला वाटतं, सुधारणा करणाऱ्याला या दोन्ही दृष्टी आळीपाळीने लागतात. नुसता नैयायिक मोडायला धजत नाही. नुसता बौद्ध कशासाठी मोडायचं ते सांगू शकत नाही.

हे आम्ही दुसऱ्याचं सांगतो आहोत असं समजू नका. आमच्या कपाटात याच वादावरचं एक हस्तलिखित आहे, सात प्रकरणांचं. वीस वर्षं आम्ही त्यातली वाक्यं घासतो आहोत. एका जाणकाराने वाचून म्हटलं होतं, प्रत्येक प्रकरण स्वतंत्र लेख म्हणून उत्तम आहे. आम्ही ती स्तुती समजलो. (हशा) परत आल्यावर हस्तलिखित काढलं आणि तिसरं प्रकरण ‘उचलून’ पाहिलं, म्हणजे ते नसतं तर बाकीच्यांत काय ढासळलं असतं हे तपासलं. काहीही ढासळलं नसतं. वाक्यात दोष नव्हता, जोड नव्हताच. सध्या दोन प्रकरणं बाहेर आहेत, त्यातलं एक आमचं सर्वांत आवडतं. आम्ही चौऱ्याहत्तर वर्षांचे आहोत, पुस्तक उभं राहील की नाही हा प्रश्न आहेच. पण आता निदान कुठे बोट ठेवायचं ते कळलं आहे.

तेव्हा हा वाद कशाच्या कामाचा, तर याच्या. संस्था असो, घर असो, लेख असो, बिघडलं की आपण आधी तुकड्यांना दोष देतो. हा माणूस वाईट, हा परिच्छेद कच्चा. कधीकधी ते खरंही असतं. पण एका टोकाला धरून उचलून पाहिल्याशिवाय तसा निकाल देऊ नये.

जाता जाता एक प्रश्न. सप्टेंबरात टेबल मोकळं करावं लागलं. नातवाने गोदी आणि यान, सगळं मोडून रंगवार डब्यांत भरलं. आराखडा संगणकात आहे. पुढच्या वर्षी त्याच ठोकळ्यांतून त्याच आराखड्याने यान पुन्हा उभं केलं, तर ते तेच यान म्हणायचं का? विचार करून या. पुढच्या वेळी ‘समवाय’ घेऊ, तिथे याचं उत्तर शोधावं लागणार आहे.

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.